नळ कोणाच्या नावावर?

(सातिवली इथे वस्त्यांमधल्या बायांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजच्या बोलण्याचा विषय ‘पाण्याचा इतिहास’ असा ठेवल्यावर काही जणींनी लगेच विचारलं, इतिहास कशाला? आम्हाला पाणी हवंय. प्रश्न अगदी बरोबर आहे. पण आपण पाणी मागायला जातो तेव्हा उत्तरं काय मिळतात? ‘वरूनच कमी येतं.’ ‘लाइन फुटलीय.’ ‘तुमची चाळ नियमात बसत नाही.’ ही उत्तरं ऐकून आपण परत येतो आणि पिंप भरून ठेवायच्या मागे लागतो. पाणी कमी असणं हा जणू पावसाचा, देवाचा नाहीतर आपल्या नशिबाचा दोष. इतिहास पाहिला की कळतं, पाणी आपोआप कुठेच जात नाही. ते कुठे जाईल, कुणाच्या दारावरून पुढे जाईल आणि कुणाच्या घरात शिरेल, हे माणसं ठरवतात. माणसांनी ठरवलेलं माणसांना बदलता येतं. म्हणून इतिहास.

सुरुवात आपल्या नद्यांपासून करू. वसई तालुक्याच्या उत्तरेला वैतरणेची खाडी आहे. तानसा नदी भाताणे-पारोळच्या बाजूनं येते आणि वैतरणेला मिळते. ज्या सूर्या नदीचं पाणी आज आपल्याला मिळतं, तीही वैतरणेचीच उपनदी. म्हणजे एका मोठ्या नदीच्या तोंडाशी आपण राहतो. मग तिचं पाणी गेलं कुठे?

मुंबईत नळाचं पाणी पहिल्यांदा आलं ते १८६० साली, विहार तलावातून. त्याआधी शहर विहिरींवर आणि तलावांवर जगत होतं. गिरण्या वाढल्या, माणसं वाढली, विहार पुरेना. १८७९ साली तुळशी तलाव झाला, तोही पुरेना. मग मुंबईनं बेटाबाहेर हात घातला. १८९२ साली तानसाचं पाणी मुंबईला पोचलं. १९५७ साली वैतरणेवर मोडक सागर झाला, त्यानंतर अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ साली मध्य वैतरणा. आता वाडा तालुक्यात गारगाई आणि जव्हारच्या बाजूला पिंजाळ, अशा आणखी दोन धरणांचे बेत आहेत. आज मुंबईला दररोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरहून जास्त पाणी मिळतं, आणि त्यातलं बहुतेक जुन्या ठाणे जिल्ह्याच्या डोंगरांतून जातं.

मुंबईतल्या आपल्या कामकरी बहिणींना पाणी मिळू नये, असं माझं म्हणणं नाही. त्यांच्यातल्या कितीतरी जणी अजून नळाला मुकलेल्या आहेत. पण ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसाची धरणं आहेत, तिथल्या आदिवासी पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. जाडजूड पाइप दारावरून जातात आणि बाई हंडा घेऊन डोंगर उतरते. पाण्याच्या सरकारी व्यवस्थेचा पहिला धडा हा आहे: पाणी उताराकडे वाहतं, पण पाइप सत्तेकडे जातो. तानसाचं धरण बांधलं गेलं तेव्हा मुंबईच्या महापालिकेत मत देण्याचा हक्क कर भरणाऱ्या मोजक्या लोकांनाच होता. शहापूरच्या बाईला कुणी विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

आता वसईकडे येऊ. वसईचं स्वतःचं पाणी होतं आणि ते सांभाळण्याची स्वतःची रीतही होती. पश्चिमेच्या गावांत बावखलं होती. बावखल म्हणजे शेतकऱ्यांनी हातानं खणलेली मोठी खोल तळी. पावसाचं गोडं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं, आजूबाजूच्या विहिरींना जिवंत ठेवायचं. त्यावर रहाट चालायचे. केळी, पानवेली, भाजी, फुलं पिकायची. समुद्र इतका जवळ असूनही विहिरींचं पाणी गोडं राहिलं ते या बावखलांमुळे, आणि उपसा बेतानं होत होता म्हणून. वाडीत राबणाऱ्या बाईच्या अंगात हे शहाणपण मुरलेलं होतं. पण योजनेच्या कोणत्याही कागदावर त्याची नोंद झाली नाही.

ऐंशीच्या दशकात मुंबईतली घरं कामकरी माणसाला परवडेनाशी झाली. माणसं लोकलच्या रुळांबरोबर उत्तरेला सरकली. वसई, नालासोपारा, विरारमध्ये इमारती उभ्या राहिल्या. १९९० साली इथल्या नियोजनाचं काम सिडकोकडे गेलं, पूर्वी हरित म्हणून राखलेली जमीन बांधकामाला खुली होऊ लागली. इमारती आधी आल्या, पाणी नंतर येणार होतं. मधल्या काळात टँकर आले. हे टँकर पाणी आणत कुठून? पश्चिमेच्या गावांतल्या विहिरींतून. रात्रंदिवस पंप चालले. गोडं पाणी उपसलं गेलं की त्या जागी खारं पाणी शिरतं. विहिरी मचूळ झाल्या, वाड्या सुकायला लागल्या.

याविरुद्ध गावं उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसई संरक्षण समितीनं लढा दिला. मोर्च्यांत बाया मोठ्या संख्येनं उतरल्या. या लढ्यानं वसईची हिरवाई आणि पाणी हा साऱ्या महाराष्ट्राचा विषय केला.

पण इथे एक गोष्ट आपण बायांनी नीट समजून घ्यायला हवी. टँकरच्या एका टोकाला गावातली बाई होती, जिची विहीर खारी झाली. दुसऱ्या टोकाला इमारतीत नाहीतर चाळीत राहायला आलेली बाई होती, जिला टँकरशिवाय पाण्याचा थेंब मिळत नव्हता. दोघी एकमेकींना दोष देत राहिल्या. एक म्हणे, हे परके आमचं पाणी चोरतात. दुसरी म्हणे, गाववाले आम्हाला तहानेनं मारतात. पाणी विकून कमावणारा आणि पाण्याची सोय नसताना घरं विकणारा या भांडणात कुठेच नव्हते. पाण्याच्या टंचाईत कुणाचं तरी भलं होत असतं. ते कुणाचं, हे आधी शोधायचं. शेजारणीवर मागाहूनही रागावता येईल. बहुतेक वेळा त्याची गरजच पडणार नाही.

मग धरणांचं पाणी आलं. पेल्हारच्या धरणातून दररोज १० दशलक्ष लिटर, उसगावहून २०. वाढत्या वस्तीला ते पुरणं शक्य नव्हतं. म्हणून सूर्या प्रकल्पाकडे मोर्चा वळला. सूर्येवरचं धामणी धरण मुळात शेतीच्या पाण्यासाठी होतं, डहाणू-पालघरच्या आदिवासी पट्ट्यातल्या शेतीसाठी. त्यासाठी आदिवासींची गावं उठली. नंतर त्यातलं पाणी शहरांकडे वळवण्यात आलं. आपल्याला आधी १०० आणि मग आणखी १०० दशलक्ष लिटर मिळालं. पुढे एमएमआरडीएची ४०३ दशलक्ष लिटरची मोठी योजना आली. तिच्यात १८५ वसई-विरारचे आणि २१८ मिरा-भाईंदरचे. त्यासाठी तुंगारेश्वरच्या डोंगरातून बोगदा काढला. त्यातलं पाणी २०२३ सालाच्या अखेरीस वसई-विरारला येऊ लागलं.

पालघर-डहाणूच्या शेतकऱ्यांनी, आदिवासींनी हे पाणी पळवण्याला विरोध केला. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमच्या शेतात कालवा पोचलेला नाही, आमच्या पाड्यावर नळ नाही आणि आमच्या धरणातलं पाणी पुढे चाललंय. वैतरणेबद्दल आपण मुंबईला जे म्हणतो, तेच सूर्येबद्दल त्या बाया आपल्याला म्हणतात. हे ऐकताना अवघड वाटतं, पण ऐकलंच पाहिजे. आपल्या तोंडी ‘पाणी हा हक्क’ ही घोषणा असेल तर तो हक्क नदीच्या वरच्या अंगालाही तितकाच लागू आहे. तिकडच्या पाड्यांना आधी पाणी द्या, ही मागणी आपल्या निवेदनातही असायला हवी.

आता थोडा हिशेब करू. हिशेब आपण रोज करतो, घासलेटपासून गॅसपर्यंत. पाण्याचाही करू. सूर्याचे २००, उसगावचे २०, पेल्हारचे १०, मिळून २३० दशलक्ष लिटर. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं, असं सरकारी प्रमाण आहे. त्या प्रमाणानं २३० दशलक्ष लिटर सतरा लाख माणसांना पुरतं. २०११च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. ती नंतर पुष्कळ वाढली, हे खरं. पण नव्या योजनेचे १८५ धरले तर बेरीज ४१५ होते, आणि ती तीस लाख माणसांना पुरावी अशी आहे. याचा अर्थ पाण्याचा प्रश्न नुसता धरणाचा राहिलेला नाही. पाणी शहराच्या वेशीपर्यंत येतं. तिथून पुढे ते कोणत्या टाकीत चढतं, कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती वेळ उघडतो, वाटेत किती गळतं, कोणत्या चाळीपर्यंत पाइपच टाकलेला नाही, हा आजचा प्रश्न आहे. ‘वरूनच कमी येतं’ हे उत्तर ऐकून गप्प बसायचं नाही, ते यासाठी.

ही पुढची वाट अडते कुठे? कागदापाशी. नळजोडणी मागायला गेलं की घर कुणाच्या नावावर आहे, इमारत अधिकृत आहे का, घरपट्टीची पावती कुठे आहे, सोसायटी नोंदलेली आहे का, हे विचारतात. आपल्या सातिवलीसारख्या भागात एका बाजूला औद्योगिक वसाहतीतले गाळे आणि दुसऱ्या बाजूला त्यात राबणाऱ्यांच्या चाळी. भाड्यानं राहणारी, कंत्राटावर काम करणारी, गाव सोडून आलेली माणसं. यांच्याकडे कागद कुठला? चाळ बांधून खोल्या विकणारा निघून जातो. बेकायदेशीर ठरते ती आत राहणारी बाई. तिचं काम चालतं, तिचं मत चालतं, तिनं विकत घेतलेल्या प्रत्येक वस्तूवरचा कर चालतो. तहान तेवढी अनधिकृत ठरते.

याला न्यायालयानं उत्तर दिलेलं आहे. मुंबईत ठरावीक तारखेनंतर बांधलेल्या झोपड्यांना पाणी द्यायचं नाही, असं धोरण होतं. पाणी हक्क समिती त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०१४मध्ये न्यायालयानं सांगितलं की पाणी हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी बेकायदेशीर आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. पाणी दिल्यानं घर कायदेशीर होत नाही, ते वेगळं. पण घराचा कागद हा पाण्याचा दाखला नाही. हा निकाल मिळाल्यानंतरही मुंबई महापालिकेला ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणायला २०२२ साल उजाडलं. म्हणजे निकालसुद्धा कागदच असतो. तो नळापर्यंत न्यायला लोक लागतात.

आपल्याला हे नवं नाही. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता. ठराव होता, पाणी नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो स्त्री-पुरुष त्या तळ्यावर चालत गेले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ आपल्याला महाडनं शिकवलाय. सरकारी पैशानं बांधलं म्हणून काही सार्वजनिक होत नाही. जिथून कुणालाही हाकलता येत नाही, ते सार्वजनिक.

आता घरात या. पाण्याच्या योजनेच्या अहवालात सगळं मोजलेलं असतं: पंपाची ताकद, पाइपची जाडी, खर्चाचे कोटी. एक गोष्ट कधीच मोजलेली नसते. १३५ लिटरच्या हिशेबानं पाच माणसांच्या घराला दिवसाला ६७५ लिटर पाणी लागतं. १५ लिटरच्या हंड्यानं ते भरायचं तर ४५ खेपा. इतकं कुणी भरत नाही म्हणून घरं निम्म्याहून कमी पाण्यात भागवतात. माणशी ४० लिटर धरलं तरी २०० लिटर होतात, म्हणजे तेरा-चौदा खेपा आणि दिवसाला २०० किलो वजन. ही हमाली आहे, आणि हिला मजुरी नाही. पाणी पुरुषांनी भरायचं नाही असा कुठे कायदा नाही, तरी हंडा बाईच्याच कमरेवर. नाहीतर तिच्या मुलीच्या.

आणि पाणी कमी पडलं तर कुणाचं आधी कमी होतं? नवऱ्याच्या आंघोळीचं नाही. बाई आपली आंघोळ टाळते, पाळीच्या दिवसांतही टाळते. दिवसभर कमी पाणी पिते, कारण जायला जागा नसते आणि असली तर तिथे पाणी नसतं. पाणी रात्री दोनला येत असेल तर तिची झोप जाते, आणि सकाळी गाळ्यावर उशिरा पोचली तर खाडा लागतो. साठवलेल्या पिंपात डास होतात, पोराला डेंग्यू होतो, रजाही तीच काढते. पाणीपुरवठ्यातली प्रत्येक तूट शेवटी बाईच्या शरीरातून वसूल केली जाते. महापालिकेच्या ताळेबंदात ती कुठेच दिसत नाही, म्हणून योजना स्वस्त वाटते.

म्हणून मी विचारते, नळ कोणाच्या नावावर? भरते बाई, साठवते बाई, उकळते बाई. पावतीवर नाव मालकाचं, सोसायटीच्या चेअरमनचं, फार तर नवऱ्याचं. नवऱ्यानं घराबाहेर काढलं तर ज्या नळासाठी ती रांगेत उभी राहिली, त्यावर तिचा काही हक्क नाही. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायला सांगितलं. शहरातल्या आपण नळाच्या पावतीवर नाव मागायला काय हरकत आहे?

बायांनी मागितलं आणि मिळालं, असं झालंय का? झालंय. मृणालताई गोरे १९६१ साली मुंबई महापालिकेत निवडून गेल्या. गोरेगावच्या वस्त्यांना पाणी मिळावं म्हणून त्यांनी इतका पाठपुरावा केला की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. त्यांच्या मागे हंडे घेऊन निघणाऱ्या बाया होत्या. पुढे महागाईविरुद्ध लाटणी घेऊन निघाल्या त्या याच. पाण्यासाठी लढायला शिकलेली बाई नंतर कुणाला घाबरत नाही, हे त्यांनी दाखवलं. या मृणालताईंनी १७ जुलै २०१२ रोजी शेवटचा श्वास घेतला तो आपल्या वसईत. त्यांचा वारसा सांगायला आपल्याला लांब जायला नको.

दुसरं उदाहरण अंधेरीचं. २००६-०७मध्ये तिथल्या के-पूर्व विभागात पाणीपुरवठ्यात खाजगी कंपनी आणण्याचा विचार चालला होता, जागतिक बँकेच्या मदतीनं अभ्यासही झाला. नागरिकांनी, कामगार संघटनांनी विरोध केला आणि ती योजना मागे पडली. सरकारी नळ वाईट आहे म्हणून खाजगी आणा, असं आपल्याला सांगितलं जाईल. खाजगी पाणी म्हणजे काय, ते आपण टँकरनं शिकलोय. सरकारी नळ वाईट असेल तर सरकारला जाब विचारता येतो. टँकरवाल्याला काय विचारणार?

आणि जाब विचारायला कायदा आहे. महानगरपालिकांच्या अधिनियमातल्या ६३व्या कलमाप्रमाणे पाणीपुरवठा हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. ती मेहेरबानी नाही. वसई, नालासोपारा, विरार, नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि ५३ गावं मिळून ३ जुलै २००९ रोजी आपली महापालिका झाली. २०२० साली लोकप्रतिनिधींची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकाचा कारभार राहिला. त्या काळात जाब विचारायला नगरसेवकही नव्हता. महाराष्ट्रात निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत, पण सभागृहच नसेल तर राखीव जागेचं करायचं काय? म्हणून निवडणुकीची वाट पाहत बसण्यापेक्षा गल्लीतलं संघटन हवं.

शेवटी कामाचं बोलू. प्रत्येक चाळीत एक वही ठेवू. पाणी कधी आलं, किती वेळ आलं, किती हंडे भरले, टँकरला किती पैसे गेले, हे तीन महिने रोज लिहू. लिहिता न येणारीनं रेघा ओढल्या तरी चालेल. दुसरं, माहितीच्या अधिकारात आपल्या भागाच्या टाकीचं, पाइपचं आणि व्हॉल्व्ह उघडण्याच्या वेळांचं कागदपत्र मागू. तिसरं, नळजोडणीच्या अर्जावर बाईचं नाव लिहू, भाडेकरू असली तरी. चौथं, पश्चिमेच्या गावांतल्या आणि सूर्येकाठच्या पाड्यांवरच्या बायांना भेटायला जाऊ. त्यांच्या विहिरी आणि त्यांचं धरण याबद्दल त्यांच्याच तोंडून ऐकू. पाचवं, घरातल्या पुरुषाच्या हातात रोज निम्मे हंडे देऊ. हे पाचवं सगळ्यात अवघड आहे, हे मला माहीत आहे, म्हणून तुम्ही हसताय.

वहीतले आकडे जमले की मोर्चा काढू. त्या दिवशी अधिकाऱ्यानं ‘वरूनच कमी येतं’ म्हटलं, तर वही उघडून त्याच्या समोर ठेवायची आणि विचारायचं: वरून किती आलं ते तुम्ही सांगा, आमच्यापर्यंत किती पोचलं ते आम्ही सांगतो. मधलं गेलं कुठे?